आतला कपडा

अठरा वर्षांपूर्वी पोट उघडून
शिवली होती नळी, पॉलिएस्टरची, विणलेली.
तेव्हाच विचारलं होतं सर्जनला,
इंचाला धागे किती?
तो हसला. मला हसू आलं नव्हतं.

आता पडद्यावर करडं चित्र फिरवत
डॉक्टर मुळे सांगतात,
कापड शाबूत आहे, लक्ष्मीपतीकाका,
खालच्या टोकाचे टाके सैल झालेत,
बाजूला रक्ताची पिशवी फुगलीय, लिंबाएवढी.
मी म्हटलं, बरोबर.
आमची चादरसुद्धा मधे नाही जात,
काठाशी जाते.

या वेळी पोट नाही कापलं.
जांघेत भोक, त्यातून तार,
तारेवरून वर गेली मिटलेली दुसरी नळी,
जुनीच्या आत जाऊन उघडली.
मी जागाच होतो,
कमरेखालचा मी माझा नव्हतो,
मान वळवून बघत होतो
आणि वाट बघत होतो धोट्याच्या खटखटीची.
काहीच आवाज नाही.
असं कुठं काम असतं?

साखर पेठेतला माझा माग
गेल्या दिवाळीआधी भंगारात गेला,
किलोवर.
फणीसुद्धा नाही ठेवली पोरानं.

आता पाय सरळ, सहा तास.
उशाशी राजव्वा. जरा वळलो की
कदलकू, म्हणते, हलू नको.
दर वर्षी फोटो काढायला या, म्हणालेत.
जाईन.
गिरणीतपण होता असा एक कापड तपासणारा,
उजेडात ताणून धरायचा,
खडूनं खूण करायचा चुकलेल्या जागी,
आणि आम्ही शिव्या घालायचो त्याला,
तेलुगूत.