दहा वर्षांची बॅटरी

रात्री पावणेतीनला जाग येते. नेहमीचीच वेळ.
पंखा फिरतोय, हेमलता कुशीवर,
आणि डाव्या हाडाखाली
काड्यापेटीहून लहान ती वस्तू
मला न विचारता ठोके मोजत बसलेली.

डॉक्टर झवेरी म्हणाले होते,
बॅटरी दहा वर्षं चालेल, काका.
पछी बदली नाखीशुं.
जसा काही भिंतीवरच्या घड्याळाचा सेल.

चौतीस वर्षं मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर तपासले.
तेल काळवंडलं तर बदलता येतं, पोरांना सांगायचो,
पण आतल्या तारेवरचा कागद एकदा ठिसूळ झाला
की संपलं. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे
त्या कागदाचं आयुष्य.
पोरं वहीत लिहून घ्यायची.
मीही सांगून चहाला जायचो.

ही भीती मरणाची नव्हे. मरण ओळखीचं आहे,
खासवाडीत बाबांना पोचवलं, अण्णांना पोचवलं,
घरी येऊन आंघोळ केली, पिठलं-भात जेवलो.
ही वेगळी:
मी नसेन, आणि पावणेतीन वाजतील.

देवाचं नाव घ्यायचं सोडलं इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी.
आता परत घ्यायला लाज वाटते, त्याच्यासमोरच.
म्हणून आकडे म्हणतो, ओठांतल्या ओठांत:
आजोबा एक्कावन्न. बाबा अडुसष्ट.
मी एकोणसत्तर, आणि चालू.
दहा वर्षांत म्हाताऱ्या पेशी तरुण करतील,
उंदरांत जमतंय म्हणतात.
पुढच्या दहांत मूत्रपिंड छापतील, यकृत छापतील,
आणि कागद –
कागदाचंही काहीतरी काढतील.
आपण फक्त तोवर टिकायचं.

सकाळी कमाटीबागेत सबनीस हसतो.
तुझी ही एकादशीच की रे, म्हणतो,
उपास आत्ता, फळ पुढच्या जन्मी.
पुढच्या जन्मी नाही, मी म्हणतो, पुढच्या मॉडेलला.

पुलावर दोघं थांबतो, त्याच्या गुडघ्यांसाठी.
खाली विश्वामित्री, आणि चिखलात मगर,
जबडा उघडा टाकून पडलेली.
कोट्यवधी वर्षं झाली, सबनीस म्हणतो,
हिच्यात कुणी एक स्क्रू बदलला नाही.
हिला पावणेतीन वाजत नाहीत, मी म्हणतो.
तो यावर काही बोलत नाही.
मगरही.

काल रात्री आकडे म्हणताना
आवाज जरा मोठा झाला असावा.
परत मोजताय? अंधारातून हेमलता.
हं.
हात आला, नेमका त्या डबीवर टेकला,
झाकण ठेवावं तसा.
मला धरलंय ना त्यात?

नव्हतं धरलं.
सहासष्ट, साखर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
आई गेली तेव्हा साठीची –
मी पहिल्या ओळीपासून
पुन्हा मांडायला घेतलं.