दुसऱ्या गेटाजवळ, शनिवारी चार वाजता

बावीस स्लाइड्स घेऊन मी कॉलेजात गेलो,
माजी विद्यार्थी म्हणून, कडक इस्त्रीच्या शर्टात.
उद्यमबागेतली वीस वर्षं
बावीस स्लाइड्सात बसली,
हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

मुलं लिहून घेत होती. ध्येय. चिकाटी. वेळेचं नियोजन.
मागून कुणीतरी विचारलं,
सर, पहिला पगार किती?
अठराशे, म्हटलं. आणि तिसऱ्या महिन्यात काढून टाकलं.
तेव्हा कुठं पेनं थांबली, माना वर आल्या.

मग जांबोटीची गौतमी बिर्जे उठली.
शाळा मराठीत, बसचा बोर्ड कन्नडात,
मुलाखत इंग्रजीत.
सर, घाबरायचं कुठल्या भाषेत?
सगळे हसले. मीही.
ती हसली नाही.

तेव्हापासून शनिवारी,
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या चहाच्या गाड्यावर
तिचा बायोडेटा आणि माझा चष्मा.
छंद: वाचन, गायन, पोहणे.
पोहतेस?
नाही सर. मैत्रिणीचं बघून घातलं.
मी रेघ मारली, तिन्ही छंद बुडाले.
खरं काय करतेस? उठल्यापासून सांग.

पाचला डेअरीत जातो की. दुधाचं फॅट काढतो.
किती जणांचं?
एकशे बारा.
आणि मशीन चुकलं तर?
चुकतंय म्हणून तर रोज आधी
माहितीतलं दूध घालून बघतो.
जरा इकडं तिकडं झालं की मारुती मामा
कॅन घेऊन दारातच बसतो, उठत नाही.

पोरी, ह्याला कॅलिब्रेशन म्हणतात.
ह्या कामाला माणूस मिळत नाही म्हणून
मालक डोकं धरून बसलेत.
ती माझ्याकडं बघत राहिली,
जसा मी तिच्याच घरातली भांडी
तिला विकूलालोय.

बसलिंगप्पा फोरमन म्हणायचा,
मोदलु नोडु, आमेले मुट्टु.
आधी बघ, मग हात लाव.
भट्टीसमोर उभं करून अर्धा अर्धा दिवस
नुसता लोखंडाचा रंग बघायला लावायचा,
लाल, नारिंगी, आणि मग तो पिवळा
जो डोळे मिटले तरी जात नाही.
पुण्याच्या नोकरीच्या अर्जात
ओळखीची दोन नावं मागितली होती.
मी प्राचार्यांचं घातलं,
आणि दोनदाच भेटलेल्या एका इंजिनीअरचं.
फोरमन सातवी पास होता.

हे कुठल्या स्लाइडवर नव्हतं.

दोन ठिकाणी तिला "कळवतो" म्हणाले.
तिसऱ्या लॅबमध्ये बाईंनी कन्नडात विचारलं,
हिनं मराठीत सांगितलं, आकडे इंग्रजीत आले.
घाबरलीस?
ध्यानातच राहिलं नाही सर.

रुजू होण्याचा फॉर्म गाड्यावरच भरला.
ओळखीची दोन नावं. पहिलं माझं.
दुसरं तिनं घातलं:
मारुती गुरव, दूध घालणारा, मुक्काम जांबोटी.

हे चालायचं नाही, असं ओठावर आलं.
तेवढ्यात गेट पडलं.
मालगाडी होती, लांबच लांब,
चहा निवला तरी डबे संपेनात.

राहू दे, म्हटलं.
फोन नंबर तेवढा नीट लिही.
आणि पळ, तुझी साडेपाचची बस.