गेल्या सात दिवसांत

गोळीबार चौकामागची गल्ली, दुपारचे अडीच.
टॅबलेट तापलेला, चार्ज एकोणीस टक्के.
गेल्या सात दिवसांत, मी विचारते,
एक तास तरी काम केलं का?

"केलं असतं जी," लीलाधर नंदनवार म्हणतात,
"पण माग भंगारात गेला."
बोलताना त्यांचे हात
अजून धोटा फेकल्यासारखे डावीउजवीकडे जातात.
त्याला रकाना नाही.

बायको?
"ते काही नाही करत. घरीच असते."
घरकाम, ब्याण्णव. माझं बोट खाली येत असतं
तेवढ्यात दाराआड कोणी
दातानं दोरा तोडतं.
फॉलचे किती मिळतात, ताई?
"साडीमागं चाळीस," ती सुईला सांगते.
दिवसाला किती साड्या?
नंदनवार मान वळवून बघतात तिच्याकडे,
हिशेब त्यांनीही आजच ऐकला.

मुलगा प्रणय, सत्तावीस.
पहाटे चारला मैदानावर धावतो,
मग रात्रीपर्यंत अभ्यासिका.
चार वर्षं पोलीस भरती.
"शिकते तो," बाप अभिमानानं म्हणतो.
शिकतो, म्हणजे बेकार नाही.
कुठल्याशा तक्त्यात एक जण कमी झाला.

निघताना ती पाणी देते.
"हे मशीन घेऊन फिरायची जागा कुठं निघते, बाई?"
एजन्सीकडून. अकरा महिन्यांची.
माझे नऊ झाले, हे मी सांगत नाही.
"निघाली तं प्रणयला सांगा."

नंबर टाकायला टॅबलेटमध्ये जागा नव्हती,
तळहातावर लिहून घेतला.
पुढच्या दाराची कडी वाजवली तेव्हा
शेवटचे दोन आकडे
घामात गेले होते.