डावी उशिरा येते

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या ओल्या वाऱ्यात
मृण्मयी खोब्रागडे नावाची पोरगी,
वयानं माझ्या लेकीएवढी,
माझ्या पोटावर दोन्हीकडे गार बोटं टेकवते.
"काकू, खोका. हळूच."
मी खोकते.
"उजवी लगेच उठली. डावी..."
ती थांबते,
दाराला कान लावून
आत कोणी आहे का ऐकावं तशी.
"आली. पण उशिरा."

बावन्न वर्षं या पोटासोबत राहते मी.
दोन बाळंतपणं यातच निभावली.
जिल्हा परिषदेत एकवीस वर्षं
लोकांच्या पेन्शनीचे कागद जुळवले,
कोण किती दिवस बिनपगारी, सगळं तोंडपाठ.
आणि माझ्याच घरात
अर्धी माणसं रोज लेटमार्क घेतात,
उरलेली अर्धी मुकाट
दोघांचं काम ओढतात,
हे कळायला कंबर धरावी लागली.

आता पहाटे सतरंजीवर उताणी.
डावा हात वर, उजवा पाय लांब,
पाठ जमिनीला चिकटलेली.
या व्यायामाचं नाव मेलेला किडा.
गजेंद्र चहाचा कप सांभाळत मला ओलांडून जातो,
"काहून व, जिवंत आहेस ना?"
हसले की मात्र
दोन्ही बाजू एकदमच हलतात.
हे मृण्मयीला सांगायचं राहूनच जातं.

कुठून आलं हे?
गोळीबार चौकातल्या आमच्या खोलीत
खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर.
उजव्या हातानं धोट्याची दोरी,
डाव्या हातानं हत्या,
बनियनची उजवी बगल नेहमी आधी फाटायची.
मी बाजूला चरख्यावर कांड्या भरायची,
उजवीकडे चाक, मान तिकडेच,
शाळेच्या आधी वीस, नंतर वीस.
की हे लेकीला कडेवर घेतल्यानं झालं?
की खुर्चीत एका कुशीवर बसून?
कोण जाणे. शरीर पावती देत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी हट्टाला पेटले.
डावीला दहाच्या जागी चाळीस.
रात्री उजवी कंबर अशी धरली
की कूस बदलताना आई आठवली.
मृण्मयी रागावली नाही. पुन्हा बोटं टेकवली.
"काकू, तुम्ही हाक डावीला मारता,
आणि धावत येते उजवी.
सवयच झाली बिचारीला."
"सरळ होईल का गं कधी?"
"अगदी सारखी कोणाचीच नसते. माझीपण नाही.
दुखणं कमी होईल असं वाटतं.
बाकी बघू."

बघू.
परतताना मेट्रोत उभी होते, दांडा धरून,
अर्थातच उजव्या हातानं,
आणि एकदम ते लुगडं आठवलं.
अंजिरी. कापड तिरकं उतरत होतं,
एका अंगाचा ताणा सैल, दुसऱ्याचा ताठ.
बाबा पाणी प्यायला उठले तेवढ्यात
सैल धागे मी ओढून ओढून धरले,
दोन तुटले.
मार बसेल वाटलं.
ते नुसते खाली बसले,
बोटं थुंकीनं ओली केली, म्हणाले,
"ढिल्ल्या बाजूले कायले ओढतं पोरी?
ताठ बाजूले जराशी सोड."
आणि ताठ अंगाच्या गाठी
एकेक करून सैल करत गेले.
त्या दिवशी वीतभरच कापड झालं.
आई संध्याकाळी काही बोलली नाही,
फक्त डाळीत पाणी वाढवलं.

आज मोजत नाही.
उताणी पडते, उजव्या कुशीवर तळवा ठेवते.
बस गं बाई थोडी. तू नको उठू.
ती ऐकत नाही. ताठते. पुन्हा ताठते.
बाहेर दूधवाल्याची फटफटी येऊन गेली.
मग श्वास सोडताना
ती किंचित खाली बसते,
आणि डावीकडे, खूप आत,
काहीतरी...

"झालं काय?" गजेंद्र स्वयंपाकघरातून विचारतो.
"थांबा," मी म्हणते,
"येतेय ती."