एल्डर स्ट्रीटची वाटणी

अजेंड्यावर ती सातवी होती,
कचऱ्याच्या गाडीच्या नव्या टायरांनंतर
आणि ग्रंथालयाच्या गळक्या छपराच्या आधी.

मी इतिवृत्त लिहिते. एकवीस वर्षं झाली.
कोण बोललं, कोणी अनुमोदन दिलं, किती वाजता उठलो.
बोलता बोलता कोण थांबलं
ते लिहायची पद्धत नाही.

एल्डर स्ट्रीट: साठ फूट रुंद, चारशे दहा फूट लांब,
१८९२च्या नकाशात निळ्या शाईने आखलेली,
कोलंबिया नदीपासून सरळ टेकडीच्या डोक्यावर.
आखणारा पोर्टलंडच्या कुठल्याशा खोलीत पट्टी घेऊन बसलेला.
टेकडी त्याने पाहिली नसावी.
इथे घोड्यानंसुद्धा हात टेकले असते.

रस्ता झालाच नाही.
नाव तेवढं उरलं, आणि नावावर वाढलेली
ब्लॅकबेरीची जाळी, नेचे,
कुणीतरी रात्री आणून टाकलेलं वॉशिंग मशीन.

अर्ज दोघा शेजाऱ्यांचा,
एकाच कागदावर दोघांच्या सह्या, हेही आक्रीतच:
पूर्वेचा एइनो लाहतिनेन, त्याला होडीसाठी शेड हवी;
पश्चिमेची डेल्फीन रकर, तिला एइनोची होडी
एकदाची नजरेआड हवी.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
पाणीखातं म्हणालं, खालून आठ इंची पाइप जातो,
त्याचा हक्क राखून ठेवा.
अग्निशमन दल म्हणालं, हरकत नाही,
आमचा बंब तिथे तसाही चढत नाही.

मग एक मुलगी उठली, रेन कास्केला, नववीतली.
शाळेतून मी तिथूनच येते, म्हणाली.
महापौरबाईंनी चष्मा काढला: कितीदा?
रोज.
पण तिथे रस्ता नाहीये, बाळ.
माहितीये, मुलगी म्हणाली. म्हणून तर.

शेवटी ऑर्विल टॅक, निवृत्त पोस्टमन.
नऊ नाताळ, म्हणाला, एक पत्र यायचं,
चौदा, एल्डर स्ट्रीट.
असं घर नव्हतं, कधीच नव्हतं.
दरवर्षी मी शिक्का मारून परत पाठवलं.
अक्षर बाईचं होतं. एकदा मी

आणि घंटी वाजली, तीन मिनिटं झाली,
तो टोपी घेऊन खाली बसला.

चार विरुद्ध तीन.
मधोमध रेघ, निम्मा इकडे, निम्मा तिकडे.
इतकी वर्षं लोकांची वाट पाहिलेल्या वाटेची
दीड मिनिटात वाटणी.
ठरावात एक शब्द होता: ‘वहिवाट नाही’.
मी तो टाइप केला
आणि समोर मुलीचे बूट दिसले,
घोट्यापर्यंत ओल्या मातीचे.

मार्चमध्ये मोजणीवाले आले.
जाळी कापली, वॉशिंग मशीन ओढून बाहेर काढलं,
दोन्ही कडांना नारिंगी झेंड्या रोवल्या.
आणि तेव्हा, रद्द झाल्यावर तीन आठवड्यांनी,
एल्डर स्ट्रीट पहिल्यांदा दिसली:
सरळ, रुंद, खाली नदीत उतरणारी,
कुणीही म्हणावं, काय सुरेख रस्ता आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी चढले. दोनदा घसरले.
चौदा नंबर कुठे आला असता, पावलं मोजत शोधला.
मेपलचं खोड निघालं तिथे, शेवाळलेलं.
त्यावर बसून अर्धं सँडविच खाल्लं.
मुलीची पायवाटही सापडली, हातभर रुंदीची,
झेंड्यांना न जुमानता
इकडून तिकडे, तिकडून इकडे, चढ टाळत टाळत
माथ्यावर पोचलेली.
त्या पोर्टलंडवाल्याला जमलं नव्हतं ते.

आता तिथे शेड आहे. होडी डेल्फीनला दिसतेच,
अधिक जवळून.
कुंपणात तळाची एक फळी कुणी ठोकलेली नाही.
राहून गेली, एइनो म्हणतो.
राहून गेली, डेल्फीनही म्हणते,
आणि या बाबतीत दोघांचं एकमत, ते मी
कुठेच नोंदवलेलं नाही.

ऑर्विल त्यानंतर सभेला आला नाही.
‘एकदा मी’ नंतर काय, मीही विचारलं नाही.

नव्या नकाशात ती जागा कोरी.
पाइपाचा हक्क मात्र शाबूत आहे, परिशिष्ट ब.
रात्री टेकडीवर कुणी नळ सोडला
की पाणी अजून
एल्डर स्ट्रीटनेच जातं.