मादिनेओच्या घरी

शनिवारी तिघांना माती दिली:
एक खाणीतून घरी आणलेला, एक तान्हं,
एक म्हातारा, ज्याचं नाव मी मधेच चुकलो.
रविवारी चार गावांत उपासना.
सोमवारी घोड्यावर खोगीर कसताना
हात कुणाचे आहेत कळेना.

लेसोथोच्या डोंगरात जूनमध्ये बर्फ.
मादिनेओच्या दारात मी नेहमीचं वाक्य चाचपलं,
खिशात किल्ली चाचपावी तसं.
नव्हतं.
खाणीतून आलेला तो तिचा त्शेदिसो.
आमच्या भाषेत त्या नावाचा अर्थ सांत्वन.

शेणीचा धूर. ती सांगत होती,
लहानपणी तो मेंढरांशी भांडायचा,
आणि मी ‘हो’ म्हणत होतो,
‘हो’ म्हणता म्हणता तिथंच,
गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी,
भिंतीला टेकून झोपलो.

जागा झालो तर अंगावर त्याचं घोंगडं.
साबणाचा वास, आणि खाली कुठेतरी खाणीचा.
बाहेर खोगीर उतरवलेलं, घोड्यापुढे पेंढी.
मी ओशाळलो. बायबल शोधू लागलो.
ती म्हणाली, ‘राहू दे.
चार दिवस जो तो मला सांगतोय, रड.
आज कुणीतरी नुसतं निजलं माझ्या घरात.
घोरतोस मात्र त्याच्यासारखा.’
आणि ज्वारीची आंबील पुढे सरकवली.
एकच वाडगा. आधी ती प्याली.

प्रार्थना राहूनच गेली.
पुढचं घर ओढ्यापलीकडे, दिवा दिसत होता.
मी लगाम सैल सोडला.
घोडं शहाणं,
ते घराकडे वळलं.