एकशे दहावर

होटगी रोडला पत्र्याचं आमचं गॅरेज.
एप्रिलात पाना उन्हात राहिला
तर फडक्याशिवाय उचलता येत नाही.
दस्तगीर मिस्त्री फडकं घेत नसत.
तळहात म्हणजे जुन्या टायरचा तुकडा,
आणि त्यातच म्हणे काटा बसवलेला:
"नट किती आवळायचा ते मनगट सांगतं, पोरी.
पुस्तक वाचून कुणी भाकरी थापली का?"

सात वर्षं मी त्या मनगटाकडे बघून शिकले.
वडील माझे यंत्रमागावर जॉबर,
ताण्यावर बोट टेकवून सांगायचे
कुठल्या बाजूचं वजन काढायचं.
जास्त ताणलं की सूत आधी बोलतं, म्हणायचे,
मग तुटतं.
लोखंड बोलत नाही.

चिलवेरी वकिलांच्या गाडीचं चाक काढताना
स्टड मुळापासून तुटून हातात आला.
पंधरा दिवसांपूर्वी आम्हीच आवळलेला.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
त्या महिन्याच्या पगारातून मी टॉर्क रेंच आणला,
लांब, जड, निळ्या पेटीत झोपलेला.
मिस्त्री म्हणाले, "हे काय, थर्मामीटर?"

शिकले मग माझी मीच.
आटे तारेच्या ब्रशने साफ, तेलाचा थेंब नको,
ओशट नट आकड्याला खोटं पाडतो.
पहिले वेढे बोटांनीच.
मग समोरासमोरचे, फुली मारावी तसे.
जॅक उतरवायचा, चाकाने जमीन धरेपर्यंत.
हात मुठीच्याच जागी. झटका नाही,
झोपलेल्या पोराखालून पदर ओढून घ्यावा
तसं ओढायचं.
आणि कट्.
एकदाच. खात्रीसाठी परत नाही,
खात्रीपायीच तुटलेत सगळे स्टड.

एकदा मिस्त्री जेवायला गेले असताना
त्यांनी आवळलेल्या चाकाला मी तो लावला.
एकशे दहावर लगेच कट्, नट हललाही नाही.
एकशे तीस. कट्.
एकशे साठ. कट्.
पुढे मी आकडा वाढवला नाही.
चारही सैल केले, साध्या पान्याने,
ह्याने सोडायचं नसतं,
पुन्हा बसवले,
आणि हात धुतले चोरी केल्यासारखे.

साखर आहे त्यांना, अकरा वर्षं.
पायातली चप्पल कधी निसटली, कळत नाही,
हे सगळ्या गल्लीला माहीत.
हाताचं ते बोलले नव्हते.

काल संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर
तेच वळले. "आण बघू तुझा थर्मामीटर."
मी एकशे दहा लावून दिलं.
त्यांनी डोळे मिटून ओढला, हळू,
इतका हळू की बाजूच्या कुत्र्यानेही मान वळवली नाही.
कट्.
ते ओढतच राहिले.
"मिस्त्री. बास की."
"वाजलं?"
"वाजलं."
हात दांड्यावर तसाच.
"मला लागलं नाही गं हाताला."
बाहेरून उसाचा ट्रक गेला, पत्रे थरथरले,
तेवढ्यात जे बोलायचं नव्हतं ते राहून गेलं.
"तुम्ही ओढा," मी म्हटलं, "मी ऐकते."
उरलेले तीन तसेच केले.

गाडीवाल्याला सांगितलं, अक्कलकोटला जाऊन या,
येताना थांबा, परत एकदा बघून देतो.
"मी" नाही म्हणाले ते. "आम्ही" म्हणाले.

मग फडकं मागितलं.
पाना पुसला टोकापासून मुठीपर्यंत.
"रोज रात्री ही मूठ उलटी का फिरवतेस?"
"स्प्रिंग ताणलेली झोपू नये म्हणून."
"कुठवर सोडायची?"
"सगळ्यात खालच्या आकड्यावर. त्याच्या खाली नाही."
त्यांनी चष्मा लावून आकडा शोधला,
स्वतःच फिरवत आणली तिथवर,
पेटी मिटली,
आणि झाकण लागलं का बघायला
दोनदा दाबलं.